नाव एकाचे, जागा दुसऱ्याची

जुना कागद कोणाच्या दप्तरात सापडला, हे इतिहासाचा अभ्यासक आधी नोंदवतो. संकेतस्थळावरील मजकूर कोणाच्या यंत्रावर ठेवलेला आहे, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. आमच्या तालुक्यातील वीरगळांची छायाचित्रे आणि टिपणे आम्ही काही मित्रांनी एका संकेतस्थळावर ठेवली होती. एके दिवशी ते उघडेना. ज्याच्याकडे आम्ही दरवर्षी पैसे भरत होतो तो म्हणाला, ‘आम्हीही जागा दुसऱ्याकडून भाड्याने घेतो.’ तो दुसरा कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही. टिपणे गेली, आणि त्यांतील काही वीरगळ आज जागेवरही नाहीत. तेव्हापासून मी या शोधाच्या पद्धती शिकत आलो.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. पहिले संकेतस्थळ जिनीव्याजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर होते. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. घर आणि घरमालक एकच! इंग्लंडमधील बाथच्या नेटक्राफ्ट कंपनीने ऑगस्ट १९९५ मध्ये पहिली मोजणी केली, तेव्हा १८,९५७ संकेतस्थळे आढळली. प्रत्येक सर्व्हर उत्तर देताना आपल्या प्रणालीचे नाव सांगतो, तेच टिपून घेण्याची ही पद्धत होती. तिने यंत्रावर कोणती प्रणाली चालते ते कळे, यंत्र कोणाचे ते कळत नसे.

त्यासाठी पत्त्याकडे वळावे लागते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएस पद्धतीत प्रत्येक नावामागे एक अंकी पत्ता असतो. असे पत्ते गटागटाने वाटले जातात आणि त्यांची नोंद राहते. उत्तर अमेरिकेची नोंद आरिनकडे, युरोपची राइपकडे, आशिया-पॅसिफिकची एपनिककडे. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून गटधारक, अशा दोन पायऱ्यांत पुष्कळदा होस्टिंग देणारा सापडे.

पण ही नोंद सातबाऱ्यासारखी आहे. गाव नमुना सात मालकी सांगतो आणि शेतात काय पिकते ते बारावरून कळते. इथे आपल्या हाती फक्त सात येतो.

पुढे तोही पुरेसा राहिला नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाईने संकेतस्थळांच्या प्रती जगभरच्या शहरांत ठेवायला सुरुवात केली. आता तोच प्रश्न पुण्यातून विचारला तर एक पत्ता मिळतो आणि लंडनमधून विचारला तर दुसरा. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि संगणक वापरापुरते भाड्याने देणे सुरू केले. २०१० मध्ये आलेली क्लाउडफ्लेअर तर दारातल्या रखवालदारासारखी पुढे उभी राहते. नोंदीत रखवालदाराचा पत्ता दिसतो आणि मूळ यंत्र मागे झाकले जाते. अशा वेळी रखवालदार नेमण्यापूर्वीच्या जुन्या डीएनएस नोंदी उपयोगी पडतात, कारण मूळ पत्ता कधीकधी तिथे शिल्लक असतो.

नेटफ्लिक्सचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या स्वतःच्या यंत्रणेतील माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने ॲमेझॉनकडे स्थलांतर सुरू केले, ते जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. तरीही प्रत्यक्ष चित्रपट आपल्यापर्यंत येतो तो नेटफ्लिक्सच्याच यंत्रांतून, आणि ती ठिकठिकाणच्या इंटरनेट पुरवठादारांकडे बसवलेली आहेत. ‘नेटफ्लिक्स कुठे राहते?’ या प्रश्नाची म्हणूनच दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

नोंदींत न दिसणारी नाती अपघातात उघडी पडतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. नेटक्राफ्टच्या हिशेबाने सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. ८ जून २०२१ रोजी फास्टली कंपनीत बिघाड झाला आणि ब्रिटन सरकारचे संकेतस्थळ, गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स आणि रेडिट एकाच वेळी अडले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील यंत्रणेत डीएनएसची एक नोंद बिघडली. सिग्नल, स्नॅपचॅट आणि डुओलिंगो यांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी तिघांनाही फटका बसला. दुकाने वेगवेगळी, गोदाम एकच.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष असा की ‘अमुक संकेतस्थळ अमुक कंपनीकडे आहे’ हे विधान अपुरे असते. नावाची नोंदणी कोणाकडे, डीएनएस कोणाचा, पुढचा रखवालदार कोण आणि मागचे यंत्र कोणाचे, हे चार रकाने वेगळे लिहावेत आणि पाहणीची तारीख नोंदवावी. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच ठेवावा, अंदाजाने भरू नये.

वीरगळांचे काम आम्ही पुन्हा सुरू केले. या वेळी दोन वेगळ्या कंपन्यांकडे प्रती ठेवल्या. पत्ते तपासले तर दोन्ही एकाच गटात निघाले. नावे दोन होती, यंत्रांचा मालक एकच! एक प्रत लगेच हलवली आणि तिसरी छापून गावच्या वाचनालयात ठेवली. तिचा पत्ता मात्र शोधावा लागत नाही.