नवी संस्था काढताना अंदाजपत्रक कसे आखावे?

रविवारचा मराठी वर्ग, वाचनालय किंवा विद्यार्थी साहाय्य निधी सुरू करू इच्छिणारे सभासद आमच्याकडे नोंदणीची माहिती विचारतात. आम्ही त्यांना आधी अंदाजपत्रक मांडायला सांगतो. नोंदणीचा खर्च एकदाच होतो. संस्थेचा कस लागतो तो दुसऱ्या वर्षीचे भाडे भरताना.

एकदाचा खर्च
घटना व नियमावली, नोंदणी शुल्क, पॅन, पावतीपुस्तके, शिक्के, कपाटे. संस्था नोंदणीचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे: मध्य प्रदेशात १९७३ चा, कर्नाटकात १९६० चा, गोव्यात १८६० चा. गुजरातेत धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी लागते. म्हणून शेजारच्या राज्यातील संस्थेचे आकडे उतरवून घेऊ नयेत. शुल्क आपल्याच निबंधक कार्यालयात विचारावे.

दरवर्षीचा खर्च
समजा, वर्गासाठी जागेचे भाडे वर्षाला २४,००० रुपये, शिक्षिकेचे मानधन ३६,०००, पुस्तके व छपाई १२,०००, हिशेब तपासणी व विवरणपत्रे १२,०००. एकूण ८४,०००. हिशेब तपासणीची रक्कम बहुतेक जण धरतच नाहीत. काम थोडे झाले तरी तो खर्च चुकत नाही.

जमेची बाजू
पन्नास सभासदांची प्रत्येकी १,००० रुपये वर्गणी म्हणजे ५०,०००. तूट ३४,००० रुपयांची. ‘गणेशोत्सवात जाहिराती मिळतील’ ही आशा झाली, जमा नव्हे. तूट भरून काढणारे देणगीदार आधी ठरवावेत, नाहीतर वर्ग पंधरवड्यातून एकदा घ्यावा. निदान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे इथे ४२,००० रुपये, राखीव ठेवावा.

देणग्यांविषयी
देणगीदाराला करसवलत मिळण्यासाठी संस्थेची आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. तशी नोंदणी असूनही २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, धनादेश घ्यावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांची देणगी ही विदेशी देणगी ठरते. केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती स्वीकारता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्यांनी तिकडून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या रकमेला हे बंधन नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलांच्या भरवशावर पहिल्या वर्षाचे आकडे मांडू नयेत.

अंदाजपत्रक कार्यकारिणीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावे आणि दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहावे. कच्चा आराखडा तयार असल्यास कार्यालयात घेऊन यावा. आम्ही सोबत बसून तपासून देऊ.