कॅमेरा आला, पण उशिरा

सूक्ष्म अध्यापन आणि मी, दोघांचं वय एकच. 1963 साली मी जन्मले. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांचे सहकारी नवशिक्या शिक्षकांना पाच-पाच मिनिटांचे पाठ घ्यायला लावत होते. समोर चार-पाच मुलं, एका वेळी एकच कौशल्य, आणि लवकरच कोपऱ्यात चित्रफीत घेणारं यंत्रही आलं. पाठ झाला की शिक्षकाने आपलीच फीत बघायची, चुका हेरायच्या आणि तोच पाठ दुसऱ्या मुलांपुढे पुन्हा घ्यायचा. खरी गंमत त्या फितीत होती. आपल्याकडे ही पद्धत आली ती फीत तिकडेच ठेवून.

1985 साली मी बी.एड.ला गेले तेव्हा यंत्राच्या जागी एक घंटी होती. टेबलावर दाबायची, टिंग वाजणारी. 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुनर्नियोजन, 6 मिनिटं पुन्हा पाठ, 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण 36 मिनिटं. हे भारतीय वेळापत्रक 1970च्या दशकात बडोदा विद्यापीठातल्या आणि एनसीईआरटीतल्या मंडळींनी आपल्या ऐपतीत बसेल असं बेतलेलं. महागडी यंत्रं कुठल्या कॉलेजाला परवडणार? म्हणून त्यांच्या जागी माणसं बसवली. निरीक्षण करायला सहाध्यायी, मुलं व्हायलाही सहाध्यायीच. आमच्या गटात तिशी ओलांडलेला, मिशीवाला एक गृहस्थ होता. तो पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसायचा आणि "बाई, बेडकाला शेपूट का नसते?" असं अगदी निरागसपणे विचारायचा. हसू दाबून उत्तर देणं हे माझ्या मते यादीत नसलेलं एक कौशल्यच होतं.

माझ्या पहिल्या पाठानंतर निरीक्षकाने तक्ता पुढे केला. त्यावर उभ्या रेघा होत्या, पाचापाचांच्या जुड्या बांधलेल्या. सहा मिनिटांत मी 17 वेळा "बरं का" म्हणाले होते. मी भांडले. असं मी बोलतच नाही, म्हणाले. पुरावा काय, तर त्याच्या पेन्सिलीच्या रेघा. फीत असती तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं.

दोन वर्षांनी मी अध्यापक विद्यालयात शिकवायला लागले आणि शेवटच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसणं हाच माझा धंदा झाला. सराव शाळेतली पाचवी, पुढे घाम पुसणारी छात्राध्यापिका, टाचणावर माझी सही, आणि तास संपल्यावर व्हरांड्यात पाच मिनिटं बोलणं. शिक्षक घडतो तो बहुतेक त्या व्हरांड्यात, असं मला वाटत आलं आहे.

शिक्षकाला दुरून शिकवायचे प्रयत्न मात्र याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. शाळा भराभर वाढल्या होत्या आणि शिकवणाऱ्यांत प्रशिक्षण न झालेलेच पुष्कळ. त्यांना वर्षभर कॉलेजात बसवलं तर वर्ग कोणी घ्यायचे? 1966 साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी यावर तोड काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत समोरासमोर वर्ग आणि बाकीचं वर्ष टपाल.

मग आकाशातून शिकवणं आलं. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 असं वर्षभर अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला होता. आंध्र, ओडिशा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत सामुदायिक दूरदर्शन संच बसले. महाराष्ट्र त्यात नव्हता. शाळांना सुट्टी लागली की त्याच संचांसमोर प्राथमिक शिक्षक बसायचे. विज्ञान कसं शिकवावं याची बारा-बारा दिवसांची दोन सत्रं झाली, दोन्ही मिळून जवळजवळ 48 हजार शिक्षक. नुसता पडदा नव्हता. हाताशी छापील पुस्तिका होती, प्रयोगाचं साहित्य होतं आणि शंकांना गावातच कोणीतरी जाणता नेमलेला होता. पुढच्या काळातल्या नुसत्या "व्हिडिओ पाहा आणि प्रमाणपत्र घ्या" यापेक्षा मला ती आखणी फार शहाणी वाटते.

आपल्याकडे 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि पुढे त्याचं सेवेतल्या शिक्षकांसाठीचं बी.एड. आलं. रविवारच्या संपर्क सत्रांना मी काही वर्षं शिकवायला जात असे. पहिल्या एस.टी.ने आलेले, पिशवीत डबा आणि स्वाध्यायाच्या वह्या घेतलेले ते गुरुजी मुलांबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणून होते. मी शनिवारी रात्री वाचलेलं सांगायचे. ते सोमवारी सकाळी वर्गात करून बघायचे आणि पुढच्या खेपेला, चाललं नाही, असं तोंडावर सांगायचे.

20 सप्टेंबर 2004 रोजी एज्युसॅट उडाला, खास शिक्षणासाठी बांधलेला आपला पहिला उपग्रह. त्यात उलट प्रश्न विचारायचीही सोय होती. 2017 साली 'स्वयम्' हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आलं आणि प्रशिक्षण न झालेल्या 13 लाखांहून जास्त शिक्षकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या डी.एल.एड.ला नावं घातली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. शिकणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा वर्ग होता, पटावर मुलं होती. कोऱ्या, नव्या मुलीला मात्र आम्ही सराव शाळेतच उभं करत होतो.

मार्च 2020मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि तेही गेलं. आंतरवासिता अर्ध्यावर, आणि पाठ तर मोजायचे. आम्ही सांगितलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. एकीने गच्चीवर रेंज शोधली, एकीने आजी आणि दोन चुलत भावंडांना बसवलं. एकजण भिंतीवरच्या कालनिर्णयला प्रश्न विचारायची, उत्तराची वाट बघायची आणि "शाब्बास!" म्हणायची. प्रबलन कौशल्य, पूर्ण गुण.

पण मध्येच एक गोष्ट लक्षात आली. एका मुलीचा पाठ येईना म्हणून फोन केला, तर म्हणाली, "बाई, अकरा वेळा पुसला. मी सारखी फळ्याकडेच बघत बोलते." फळा म्हणजे तिच्या घरातलं कपाट. मी हे तिच्या निरीक्षण वहीत दोनदा लिहिलं होतं, लाल शाईने. तिने ते पहिल्यांदा आत्ता पाहिलं होतं. स्टॅनफर्डचं ते यंत्र सत्तावन्न वर्षांनी तिच्या हाताशी आलं होतं, आणि तेही समोर एकही मूल नसताना. बारावा पाठ छान झाला. त्यात कोणी चुकीचं उत्तर दिलं नाही, कोणी पेन्सिल मागितली नाही.

मे 2021मध्ये मी निवृत्त झाले. शेवटचे काही महिने मीही व्याख्यानं रेकॉर्ड करून गटावर टाकत होते. निरोपाच्या ऑनलाइन कार्यक्रमात मुली छान बोलल्या, एक-दोघी रडल्या. मग त्या कपाटवाल्या मुलीने जरा भीत भीत सांगितलं, आम्ही तुमचं एक व्याख्यान मोजलंय बाई, रागवू नका. चाळीस मिनिटांत 63.

"काय 63?" मी विचारलं.

"बरं का," ती म्हणाली.