सांडपाण्याचे नळ गोठणे व तुंबणे

स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय यांतील वापरलेले पाणी घराबाहेर नेणाऱ्या नळांत कडाक्याच्या थंडीमुळे बर्फ धरून किंवा स्निग्ध पदार्थ थिजून पाण्याची वाट बंद होणे, हा थंड प्रदेशांतील घरांचा नित्याचा दोष आहे. पाणीपुरवठ्याचा नळ गोठणे ही याहून वेगळी घटना होय. पुरवठ्याचा नळ सदैव भरलेला व दाबाखाली असतो. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाच्या खड्यामागे कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून नळ फुटतो. सांडपाण्याचा नळ मात्र बहुतेक वेळ रिकामा असतो व त्यातील पाणी केवळ उताराने वाहते. ०° से. तापमानाच्या एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होण्यासाठी त्यातून सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडावी लागते, आणि योग्य उताराच्या नळातून बादलीभर पाणी काही सेकंदांत निघून जात असल्याने एवढी उष्णता गमावण्यास त्याला अवसर मिळत नाही. गोठते ते रेंगाळणारे पाणी, आणि या दोषाची जवळजवळ सर्व कारणे व उपाय या एका गोष्टीशी येऊन मिळतात.

पाणी रेंगाळण्याची पहिली जागा म्हणजे नळाला पडलेला झोल. लहान व्यासाच्या नळाला साधारणतः ५० सेंमी. लांबीमागे १ सेंमी. उतार देतात, आधार सुटून किंवा खालची माती खचून हा उतार मोडला की खोलगट भागात पाणी साचून राहते. दुसरी जागा मुद्दाम केलेली असते. बेसिनखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडे पाणी सतत ठेवलेले असते व त्या पाण्याच्या पडद्यामुळे गटारातील दुर्गंधी घरात शिरत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये एस-आकाराच्या अशा नळीसह शौचकूपाचे एकस्व घेतले, आणि आपल्याकडील न्हाणीतला नहाणी ट्रॅप याच तत्त्वावर चालतो. बाहेरच्या भिंतीलगतच्या किंवा न तापवलेल्या तळघरातील ट्रॅपला थंडी प्रथम गाठते.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. पुरवठ्याचा नळ गोठू नये म्हणून रात्रभर तोटी बारीक सोडून ठेवण्याचा सल्ला थंड देशांत सर्रास दिला जातो व त्या नळापुरता तो योग्यही आहे. परंतु ती बारीक धार सांडपाण्याच्या थंडगार नळात पसरून एकावर एक बर्फाचे पापुद्रे चढवते आणि सकाळपर्यंत नळाचे तोंड मिटू शकते. गळकी तोटी किंवा शौचालयाची झिरपणारी टाकीही हेच करते. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१० मध्ये याचा मोठ्या प्रमाणावर अनुभव आला. घर तापवणाऱ्या नव्या पद्धतीच्या गॅस-बॉयलरमध्ये धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णता वापरतात व ते किंचित आम्लधर्मी पाणी बारीक नळीने बाहेर सोडतात. थेंबथेंब येणारे हे पाणी भिंतीबाहेरच्या नळीत गोठले, सुरक्षेच्या योजनेनुसार बॉयलर आपोआप बंद पडले, आणि ऐन कडाक्याच्या थंडीत असंख्य घरांची ऊब गेली. त्यावरचे उपाय या विषयाचे सार सांगणारे आहेत : नळी शक्यतो घरातूनच न्यावी, बाहेरचा भाग आखूड, अधिक रुंद व उष्णतारोधक वेष्टनाचा असावा, आणि पाणी थेंबाथेंबाने न सोडता साठवून एकदम सोडावे.

छपरावर उघडणाऱ्या वायुनळाचाही, म्हणजे व्हेंट पाइपचाही, येथे संबंध येतो. नळातील उबदार, दमट हवा वर चढून थंड तोंडाशी बर्फाच्या बारीक कणांचा थर धरते; तोंड बंद झाले की वाहणाऱ्या पाण्यामागे हवा येत नाही, ट्रॅपमधील पाणी ओढले जाते व दुर्गंधी घरात येते. जमिनीखालील नळ गोठण-खोलीच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या पातळीच्या, खाली पुरतात. कॅनडातील इनुविक येथे जमीन बाराही महिने गोठलेली असल्याने नळ जमिनीवरून उष्णतारोधक पेट्यांतून नेलेले आहेत.

तुंबण्याचे दुसरे रूप शून्याच्या पुष्कळ वरही दिसते. खोबरेल तेल सुमारे २४° से.च्या खाली थिजते, तूप व वनस्पती तूप त्याहूनही आधी. त्यामुळे नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यातही, जेथे नळात बर्फ धरण्याचा प्रश्नच येत नाही, तेलकट भांड्यांचे पाणी मोरीच्या नळात थराथराने जमते आणि त्यात भाताची शिते व चहाचा चोथा अडकून नळ चोक होतो. थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरातही हाच थर अधिक वेगाने चढतो. स्निग्धांशाचा कॅल्शियमशी संयोग होऊन साबणासारखा कठीण गोळा बनतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ मध्ये सापडलेला असा गोळा सुमारे २५० मी. लांब व १३० टन वजनाचा होता. कढईतील उरलेले तेल मोरीत न ओतता कागदाने पुसून कचऱ्यात टाकणे, हा यावरचा स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

उपचारापूर्वी अडथळ्याची जागा ओळखावी लागते. एकच बेसिन तुंबले असेल, तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये किंवा जवळच्या नळात असतो. सर्व मोऱ्यांचे पाणी एकदम उलटत असेल, तर तो मुख्य नळात असतो. आणि पाणी जाताना नळ गुडगुडत असेल, तर वायुनळ तपासावा. बर्फ वितळवताना साचलेले पाणी आधी उपसून मग गरम पाणी थोडे थोडे ओतावे. उकळते पाणी टाळावे, कारण त्याने पीव्हीसीचे नळ नरम पडतात व शौचकूपाचे चिनी मातीचे भांडे तडकू शकते. नळ उघडा असल्यास गरम पाण्यात भिजवलेली फडकी खालच्या टोकापासून वर गुंडाळत न्यावीत, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. मिठाने सौम्य थंडीत मदत होते, कडाक्याच्या थंडीत नाही. कॉस्टिक सोड्याची भुकटी गोठलेल्या नळात कधीही टाकू नये, कारण तुंबलेल्या पाण्यात ती तापून उसळते व हात-डोळे भाजतात. उघड्या ज्योतीने नळ तापवणेही तितकेच घातक आहे. हिवाळ्यात घर बंद ठेवायचे असल्यास ट्रॅपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल हा गोठणरोधक द्रव ओततात. मोटारींत वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने ते वापरू नये.

भारतात हा प्रश्न खऱ्या अर्थाने लडाखमध्ये भेडसावतो. सुमारे ३,५०० मी. उंचीवरील लेह शहरात हिवाळ्यात पारा −२०° से.पर्यंत उतरतो, आणि अनेक हॉटेले त्या काळात नळ रिकामे करून पाहुण्यांना बादलीने पाणी देतात. तेथील पारंपरिक घरांत मात्र पाण्याविना चालणारे दुमजली शौचालय असते. वरच्या मजल्यावरील भोकातून मैला खालच्या कोठडीत पडतो, त्यावर माती टाकली जाते, आणि तयार झालेले खत शेतात नेतात.