जकार्ता येथील भारत : ‘एशियन आयडॉल’ (२००७) आणि देशाचा गायक निवडण्याच्या पद्धतींचा इतिहास

प्रास्ताविक

१५ डिसेंबर २००७ रोजी इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे ‘एशियन आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेचे सादरीकरण झाले व दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाला. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, व्हिएतनाम आणि भारत हे सहा देश तीत सहभागी होते. भारताच्या वतीने अभिजित सावंत हे मुंबईचे मराठी गायक उभे राहिले. सिंगापूरचे हॅडी मिर्झा विजयी ठरले. स्पर्धेचे सांगीतिक मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. सावंत यांना ‘भारताचा गायक’ म्हणून नेमके कोणी निवडले, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जकार्ता येथील स्पर्धेच्या वेळी ‘इंडियन आयडॉल’चे विद्यमान विजेते प्रशांत तमांग होते. ते २३ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे तीन महिन्यांहूनही कमी काळापूर्वी विजयी झाले होते. सावंत यांचा विजय मात्र ५ मार्च २००५ चा. त्या रात्री ज्यांनी सावंत यांना किंवा त्यांचे अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी अमित साना यांना मत दिले, त्यांच्यापुढे एका वाहिनीच्या कार्यक्रमाचा विजेता ठरविण्याचा प्रश्न होता. आपण पावणेतीन वर्षांनंतर आशिया खंडापुढे जाणारा देशाचा प्रतिनिधी निवडत आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हते. मतदान एका पदासाठी झाले आणि प्रतिनिधित्व दुसऱ्याच पदाचे मिळाले. राज्यशास्त्राच्या अध्यापकास ही गोष्ट खचितच विचित्र वाटेल.

युरोपातील पूर्वपीठिका

अशा स्पर्धांचा मूळ नमुना युरोपातील आहे. इटलीतील सानरेमो येथील गीतमहोत्सव १९५१ साली सुरू झाला. त्याच्या प्रेरणेने युरोपीय प्रसारण संघाने २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धा भरविली. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते पाठविली आणि यजमान स्वित्झर्लंडच्या लिस आसिया विजयी झाल्या. पुढील वर्षापासून परीक्षक मंडळांना स्वतःच्या देशाला गुण देण्यास मनाई करण्यात आली. या स्पर्धेत देशाच्या वतीने त्या देशाची प्रसारण संस्था सहभागी होते, आणि या संस्था मुख्यतः सार्वजनिक स्वरूपाच्या आहेत. काही देशांत संस्था स्वतःच गीत ठरवते, तर स्वीडनसारख्या देशात ‘मेलोडीफेस्टिवालेन’ ही स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धाच त्यासाठी भरते. प्रेक्षकांचे दूरध्वनी मतदान १९९७ साली पाच देशांत प्रायोगिक स्वरूपात आले. पद्धत कोणतीही असो, आपण देशाची प्रवेशिका निवडत आहोत याची जाणीव निवडणाऱ्यास असते.

भारतात अशी सार्वजनिक प्रसारण संस्था होती, आणि गायक निवडण्याचा तिचा अनुभवही मोठा होता.

आकाशवाणी : समितीची निवड

१९५२ साली बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर गाणाऱ्या कलावंतांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत रूढ झाली. या कामी पंडित श्री. ना. रातंजनकर यांच्याकडे प्रमुख जबाबदारी होती. नामांकित गायकवादकांनाही चाचणी द्यावी लागणार, यामुळे कलावंतांत मोठा असंतोष निर्माण झाला. त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा ‘अखिल भारतीय कार्यक्रम’ सुरू झाला. देशाने काय ऐकावे व ते कोणी गावे, हे शासनाने नेमलेल्या जाणकारांनी ठरवावे अशी ही भूमिका होती. ती लोकशाहीवादी नव्हती. हार्मोनियमला बंदी आणि चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपारी हे तिचे सर्वपरिचित अतिरेक होत. परंतु तिला एक पत्ता होता, हे विसरता येत नाही. नाकारल्या गेलेल्या कलावंतास तक्रार कोठे करावयाची हे ठाऊक होते. लोकसभेत मंत्र्यास प्रश्न विचारता येत असे.

श्रोत्यांनी याच काळात दुसरी वाट धरली. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोत्यांचा कौल यांवरून तीत गीतांचा क्रम लागे. गावोगावच्या श्रोतासंघांनी पत्रांचा पाऊस पाडला. लोकमताने गीताचा क्रम ठरविण्याची ही भारतातील पहिली मोठी तालीम म्हणावी लागेल. त्या मताचे साधन पोस्टकार्ड होते. पुढे दूरदर्शनवरील ‘सुरभि’ या कार्यक्रमास आठवड्याला लाखोंच्या संख्येने पत्रे येऊ लागली. स्पर्धांच्या उत्तरांसाठी टपाल खात्याने स्वतंत्र ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ काढले व त्याची किंमत २ रुपये ठेवली. साध्या १५ पैशांच्या कार्डाच्या तेरा पटींहून अधिक! मत देण्याचे मूल्य वाढविण्याची कल्पना भ्रमणध्वनी कंपन्यांच्या आधी शासनाच्या खात्यास सुचली होती, ही नोंद येथे मुद्दाम करावीशी वाटते.

लघुसंदेशाचे मतदारसंघ

‘इंडियन आयडॉल’चे पहिले पर्व ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाले. अनु मलिक, सोनू निगम व फराह खान हे परीक्षक होते. अंतिम निर्णय मात्र प्रेक्षकांच्या मतांवर सोपविलेला होता. मत दूरध्वनीने किंवा लघुसंदेशाने द्यावयाचे, आणि या लघुसंदेशाचा दर नेहमीपेक्षा अधिक असे. मार्च २००५ मध्ये देशातील दूरध्वनींचे प्रमाण शंभर लोकसंख्येमागे सुमारे ९ होते आणि ग्रामीण भागात ते दोनहूनही कमी होते. सावंत यांना निवडणारा ‘देश’ हा एवढाच होता. किनवट, मुखेड किंवा जळकोट तालुक्यातील एखाद्या वाडीवर कार्यक्रम पाहणारे घर असू शकत होते. परंतु त्या घरास मत असण्याची शक्यता अल्प होती. पोस्टकार्ड मात्र अशा वाडीतूनही टाकता येत असे. तांत्रिक प्रगतीबरोबर मतदारसंघ विस्तारतोच, या आपल्या समजुतीस येथे छेद जातो. निदान मराठवाड्याच्या ग्रामीण भागापुरता तो काही वर्षे आक्रसला होता, असे माझे मत आहे.

मतदार थोडे असले तरी मतांना मर्यादा नव्हती. एका व्यक्तीने कितीही मते द्यावीत. याचा परिणाम २००७ च्या तिसऱ्या पर्वात दिसला. प्रशांत तमांग हे कोलकाता पोलीस दलातील शिपाई, मूळचे दार्जिलिंगचे नेपाळीभाषक. दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ लाख असताना त्यांना मिळालेल्या मतांचा आकडा ७ कोटींच्या घरात असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. तेथील चाहता मंडळांनी वर्गणी गोळा केली आणि मतदानासाठी दूरध्वनी केंद्रे चालविली. विजयानंतर एका रेडिओ निवेदकाच्या अवमानकारक शेऱ्यावरून सिलिगुडीत हिंसाचार उसळला व सैन्य बोलवावे लागले. या संघटनात पुढे आलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘गोरखा जनमुक्ती मोर्चा’ स्थापन केला. अंतिम फेरीतील दुसरे स्पर्धक शिलाँगचे अमित पॉल होते. त्यांच्यामुळे आदिवासी व बिगर-आदिवासी समाज एकत्र आल्याचे पाहून मेघालय शासनाने त्यांना शांतता व सलोख्याचे दूत म्हणून घोषित केले. आम्हीही या देशाचे आहोत, हे सांगण्यास ईशान्येकडील व डोंगराळ भागातील लोकांनी करमणुकीच्या कार्यक्रमाचे मतदान वापरले. त्याआधी त्यांना इतके सोपे साधन क्वचितच मिळाले होते.

ही सर्व घडामोड ताजी असताना जकार्ता येथे २००५ चे विजेते गेले. सावंत यांच्या गुणवत्तेविषयी येथे कोणताही आक्षेप नाही, आणि मराठी माणसाच्या निवडीचा आनंद मलाही झाला होता. तथापि तमांग यांच्यामागील समूहाने अवघ्या तीन महिन्यांपूर्वी मिळविलेले ‘राष्ट्रीय’ स्थान सीमेबाहेर गेले नाही, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. जकार्ता येथील नियमही अर्थपूर्ण आहे. प्रत्येक मतदात्याने दोन स्पर्धकांना मत देणे बंधनकारक होते. केवळ स्वदेशीयास दिलेले मत ग्राह्य नव्हते. युरोपात १९५७ साली परीक्षकांवर घातलेल्या बंधनाचे हे सौम्य रूप होय. देशाभिमानास आवर घालण्याची ही योजना भारतीय कार्यक्रमाच्या अंतर्गत मतदानात कधी दिसली नाही. तेथे आपल्याच प्रदेशाच्या माणसास मत देणे हेच अपेक्षित होते, किंबहुना कार्यक्रमाचा व्यवसाय त्यावरच चाले.

लातूरचा अनुभव

मराठवाड्यास या मतदानाचा जवळून परिचय झाला तो झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प : लिटिल चॅम्प्स’ (२००८-०९) या पर्वामुळे. अंतिम पाच बालगायकांमध्ये लातूरचे रोहित राऊत होते. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे व मुग्धा वैशंपायन हे अन्य चौघे. फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीच्या कार्तिकी गायकवाड विजेत्या ठरल्या. आळंदी, पुणे, रत्नागिरी, अलिबाग आणि लातूर अशी ही नावे भूगोलाच्या तासासारखी महाराष्ट्राच्या घराघरांत घेतली जात होती. लातूरचे नाव १९९३ च्या भूकंपानंतर बाहेरच्या लोकांच्या तोंडी प्रामुख्याने दोन संदर्भांत येत असे, एक तो भूकंप व दुसरा परीक्षेतील ‘लातूर पॅटर्न’. गाण्याच्या संदर्भात ते येणे ही नवी गोष्ट होती.

राऊत पुढे ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीत पोहोचले. २३ फेब्रुवारी २०२० रोजी पंजाबातील भटिंड्याचे सनी हिंदुस्तानी विजेते ठरले आणि राऊत यांना दुसरे स्थान मिळाले. तोपर्यंत ग्रामीण भागातील दूरध्वनींचे प्रमाण शंभरामागे पन्नासच्या वर गेले होते आणि मत भ्रमणध्वनीवरील ॲपमधून देता येत होते. २००५ साली ज्या वाड्यांना मत नव्हते, त्यांच्याकडे ते आता आले होते. मात्र जकार्ता येथील स्पर्धा २००७ नंतर पुन्हा भरली नाही. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने २०१२ साली सोल येथे सुरू केलेल्या दूरचित्रवाणी गीतमहोत्सवात क्रमांक व मतदान ठेवलेले नाही. तेथे देशाची निवड पुन्हा प्रसारण संस्थेकडेच गेली आहे.