मातीत खेळणारं मूल



दिवाळीत पुण्यात फिरलं, की वाड्यांत आणि सोसायट्यांत मुलं मातीचा किल्ला करताना दिसतात. दगड रचायचे, वर पोतं टाकायचं, चिखलानं लिंपायचं, हळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. आपण कौतुकानं बघत उभ्या राहतो. दिवाळी सरली आणि तेच मूल मातीत दिसलं, की आपणच ओरडतो, "खेळ पुरे, पाटी घे!"

खेळ म्हणजे वेळ वाया, हा आपला जुना समज. तो पुसायला आयुष्य वेचलेल्या एका बाईंची आज आठवण काढूया. त्या अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. सागरगोटे खेळायच्या वयात खेळ संपला. पण त्या शिकल्या आणि पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका झाल्या. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे.

ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसोरी पद्धतीनं काम केलं होतं. त्या पद्धतीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. मग या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या गोळा केल्या. तीच मुलांची खेळणी झाली आणि तोच अभ्यास.

गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात गेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी! १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ नेलं. तिथं पोरं गुरांमागं जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी आणली. पुढं १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

मैत्रिणींनो, आपल्या गावची अंगणवाडी या घराण्यातली आहे. आपण मात्र सेविकाताईंना विचारतो, "आज काय लिहायला शिकवलं?" काय खेळलात, हे विचारतच नाही.

जरा भातुकली आठवा. करवंटीचं पातेलं, मातीचा भात, पानाची पोळी. एका वस्तूच्या जागी दुसरी मानायची, हे मूल तिथंच शिकतं. उद्या 'क' ही आकृती बघून तोंडानं 'क' म्हणायचं, तेही असंच मानणं आहे. चिंचोके वाटून घेताना मोजणी येते, राज्य घेताना थांबणं येतं. खेळ अभ्यासाच्या आड येत नाही, त्याची मशागत करतो. नांगरट न करता पेरलं, तर काय उगवणार?

आणि घरातल्या मुलीकडेही बघा. भाऊ खेळतो तेव्हा तिच्या हातात झाडू असतो का? अनुताईंचं बालपण तेराव्या वर्षी संपलं, आपल्या लेकीचं सातव्या वर्षी संपू नये.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं मूठभर काहीतरी आणूया, चिंचोके, करवंट्या, चिंध्या, रिकाम्या काड्यापेट्या. पेटी भरू आणि अंगणवाडीला देऊ. मग पोरांना खेळू देऊ आणि आपणही घटकाभर त्यांच्यात बसू.