शेअर्ड लायब्ररी : नाव आणि आवृत्तिक्रमांक

अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी वापरू शकतील अशा संकलित कोडच्या फाइलींना युनिक्ससदृश प्रणालींवर नावे व क्रमांक देण्याची पद्धत. लायब्ररी सुधारली तरी तिच्यावर विसंबलेले जुने प्रोग्रॅम पुन्हा संकलित न करता चालावेत, हा तिचा हेतू.

लिनक्सवर लायब्ररीला सहसा तीन नावे असतात. डेबियन १२ या लिनक्स वितरणातील हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीची खरी फाइल ‘लिबहार्फबझ.एसओ.०.६००००.०’ ही. ‘लिबहार्फबझ.एसओ.०’ हे तिचे एसओनेम. नुसते ‘लिबहार्फबझ.एसओ’ फक्त प्रोग्रॅम बांधताना लागते. नंतरची दोन्ही नावे म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक. एसओनेम लायब्ररीच्या फाइलीतच नोंदलेले असते. लिंकर ते प्रोग्रॅममध्ये उतरवतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना लोडर त्याच नावाने शोध घेतो.

हार्फबझचे काम मराठी वाचकाच्या रोज डोळ्यांसमोर असते. वाराणसीतील ‘अहिल्याबाई घाट’ हे नाव जीनोमच्या एडिटरमध्ये टाइप केले, की ‘हि’मधली वेलांटी साठवणीत ‘ह’नंतर असूनही त्याच्या आधी काढावी लागते, ल, हलन्त, य आणि काना या चार संकेतांतून ‘ल्या’ घडवावा लागतो. ही जुळणी हार्फबझ करते. तिची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. डेबियन १२ मध्ये ती ६.०.० आहे, तरी एसओनेममधला शून्य हललेला नाही. तो हलू न देणे हे तिच्या कर्त्यांचे मोठे काम आहे, कारण एसओनेमचा अंक सॉफ्टवेअरचे वय सांगत नाही. जुन्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द अजून पाळला जातो आहे, एवढेच सांगतो. नवे फंक्शन जोडल्याने तो बदलत नाही. असलेले काढले, किंवा बाहेर दिसणाऱ्या स्ट्रक्चरची मांडणी बदलली, तर बदलावाच लागतो. हे न पाळल्यास प्रोग्रॅम सुरू होतो आणि मध्येच कोसळतो. फाइल न सापडल्याची सरळ तक्रार त्यापेक्षा पुष्कळ बरी.

याउलट युनिकोडसाठीची आयसीयू ही लायब्ररी मुख्य आवृत्तीगणिक अंक बदलते (डेबियन १२ मध्ये ७२), त्यामुळे दर वेळी तिच्यावरची सारी पॅकेजेस पुन्हा बांधावी लागतात.

लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी जीलिबसी याहून बारकाईने चालते. १९९७ पासून तिचे एसओनेम ‘लिबसी.एसओ.६’च आहे, आवृत्ती प्रत्येक फंक्शनला चिकटवलेली असते. ६४-बिट इंटेल यंत्रांवर मेमरीतील मजकूर नकलणाऱ्या ‘मेमकॉपी’ फंक्शनचे नवे रूप २.१४ मध्ये (२०११) आले, पण त्याआधी बांधलेल्या प्रोग्रॅमला त्याच फाइलीतून आजही जुनेच रूप मिळते.