गंजलेला खिळा आणि ५३-एन क्रमांकाची बाटली

मागच्या वेळी आपण क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या एका जिवाणूकडून माणसानं ॲसिटोन कसं बनवून घेतलं, ते पाहिलं. आज त्याचाच भाऊबंद, धनुर्वाताचा जिवाणू.

पायात गंजलेला खिळा घुसला की आपण इंजेक्शन घ्यायला धावतो आणि दोष देतो गंजाला. पण हा जिवाणू असतो मातीत, शेणात. त्याचे बीजाणू तिथे वर्षानुवर्षं टिकतात, आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढून विष तयार करतात. कितासातो यांनी १८८९ साली बर्लिनमध्ये तो शुद्ध स्वरूपात वाढवला, तोही हवा वगळूनच. म्हणजे डोळ्यांना दिसला तो गंज; कारण वेगळंच.

आता १९०२ सालाकडे येऊ. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. लस गेली होती आपल्या परळहून, वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून. त्यांतले १९ जण धनुर्वातानं गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन.

चौकशी आयोगानं दोष परळला दिला. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालणं सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पद्धत नवी, म्हणून चूक तिचीच! हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं.

पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जिवाणू तेव्हापासून आत असता, तर विष आधीच तयार असतं आणि लक्षणं फार लवकर दिसली असती. ती दिसायला आठवडा लागला. मग जिवाणू शिरला कुठे? परळला नव्हे, मुल्कोवालला.

१९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हे जाहीरपणे मांडलं. हाफकिन निर्दोष ठरले, पण पुढची नेमणूक मिळाली ती कलकत्त्यात. परळच्या संस्थेला त्यांचं नाव लागलं १९२५ साली.

आम्ही आयुष्यभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला. पण इथे प्रश्न नुसत्या तर्काचा नाही. खरं कारण सापडेपर्यंत चिमटा तसाच वापरला जातो, आणि पुढच्या गावातही माणसं मरू शकतात. दोषी सापडला म्हणून शोध थांबवायचा का, याचा विचार करून या. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.